क्लॅरनेटच्या मागच्या चावीचा स्क्रू

काकांच्या क्लॅरनेटचा स्क्रू मी हरवला. मी मोर्च्यांची पत्रकं लिहिते, त्यामुळं कर्त्याला वाक्यात हजर ठेवायची सवय आहे. "पाणीपुरवठा विस्कळीत झाला" असं कुणी लिहून आणलं की मी विचारते, कुणी केला विस्कळीत, त्याला नाव नाही का? मग स्वतःच्या वेळेला नुसतं "हरवला" म्हणून कसं सुटू?

काका म्हणजे माझे सख्खे चुलते. उस्मानपुऱ्यात त्यांच्याच घरी मी राहते. बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतात, बँडवाले त्यांना मास्टर म्हणतात. आमच्या वस्तीचा हंडा मोर्चा निघाला तेव्हा मी त्यांना गळ घालून पुढं उभं केलं. मागं रिकामे हंडे घेतलेल्या बाया आणि पुढं क्लॅरनेट. वाजवली त्यांनी लग्नाचीच गाणी. महापालिकेच्या कचेरीच्या दारात नवरदेव उतरतोय असं वाटत होतं. गंमत आली, पण क्लॅरनेटवर धूळ बसली. घरी आल्यावर म्हटलं, मी पुसते.

"पूस," काका म्हणाले, "पण खोलू नको."

ते चहाला बाहेर गेले आणि मी खोललं.

का खोललं? मला एक हिशोब लागत नव्हता. क्लॅरनेटला भोकं वीसच्या वर. माणसाला बोटं दहा. त्यातला उजवा अंगठा नुसता वजन उचलतो, म्हणजे कामाची नऊ. मग उरलेली भोकं झाकतं कोण? काका तीस-पस्तीस वर्षं माझ्यासमोर वाजवतायत असं मी म्हटलं असतं, पण माझं वयच तेवढं नाही. तरी कळायला लागल्यापासून बघत होते आणि हे कधी विचारलं नव्हतं, याची लाज वाटली. मोरीच्या कडेला बसले, चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मागच्या बाजूची, डाव्या अंगठ्याखालची चावी सोडवली. चावी म्हणजे एक लहानसा पितळी पाय. एका टोकाला अंगठा दाबायचा, दुसऱ्या टोकाची गादी भोकावरून उठते. मधे दोन बारके खांब, आणि त्या खांबांतून आरपार जाणारा एक स्क्रू, ज्याच्यावर चावी झुलते. स्क्रू माझ्या करंगळीच्या नखाहून थोडा लांब. तो मांडीवर ओढणीत ठेवला. चावीखालची पट्टीची स्प्रिंग बघत होते.

तेवढ्यात गल्लीतून हाक आली, "नळ आला!"

मी उठले. या शहरात नळ आला म्हटल्यावर बसून राहणारा माणूस मी अजून बघितलेला नाही. हातातला घास ताटात टाकून उठतात, पूजा अर्धी टाकून उठतात. मी उठले, मोटार लावली, पाइप पिंपात टाकला, मोरीतल्या बादल्या भरल्या, एक सांडली. पिंप अर्धं झाल्यावर ओढणी आठवली. ती रिकामी होती.

काका आले तेव्हा मी जाळी काढून मोरीच्या पाइपात कोपरापर्यंत हात घातला होता. आतून दोन केसाच्या पिना निघाल्या आणि एक शर्टाचं बटण.

"मागच्या चावीचा?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

त्यांनी ते बटण उचलून बघितलं. मग म्हणाले, "मोर्चात साहेबाला जाब विचारतीस ना लई? आता मोरीला इचार."

त्या दिवशी मला कळलं की क्लॅरनेटमध्ये ती एक चावी काय करते. ती दाबली की सगळे सूर एकदम वरच्या मजल्यावर जातात. तीच बोटं, तीच फुंकर, पण सूर वरचा. काकांनी चावीचं भोक रबर बांधून बंद केलं आणि वाजवून दाखवलं. खालचे सूर सगळे आले, घोगरे, गोड. वर जायची वेळ आली की नुसता श्वास. लग्नाच्या वरातीत खालच्या सुरांना कोण विचारतं? ताशा वाजतोय, फटाके फुटतायत, त्यातून जो आवाज वरून निघतो तो वरच्या सुरांचा.

आणि वेळ वाईट होती. तुळशीची लग्नं दहा दिवसांवर आलेली. त्यानंतर बँडचा सीझन. तुळशीच्या लग्नांआधीच्या रविवारी तालीम, आणि तालमीत बँडचा मालक ठरवणार होता की यंदा गाण्याचं तोंड, म्हणजे पुढची मुख्य चाल, कुणी वाजवायची. त्यानं एक कीबोर्डवाला बघून ठेवला होता, गाडीवर स्पीकरसकट बसणारा. काका मला म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहिते: "मालक वाईट नाय. पण या सीझनला पुढं नाय उभा राहिलो, तर पुढच्या सीझनला मला कुणी बोलवणार नाय. मंग घरी बसायचं."

माझ्या हातात रविवारपर्यंतचा आठवडा होता.

सोमवारी हार्डवेअरच्या दुकानांत गेले. मला वाटत होतं स्क्रू म्हणजे स्क्रू. दुकानदार म्हणाला, "कितीचा?" मी बोट दाखवलं. "बारीक हाय." त्यानं पाकीट काढलं. सगळ्या स्क्रूंच्या डोक्यावर चांदणी. सरळ एका रेघेची चीर असलेला स्क्रू आता येतच नाही म्हणाला. का येत नाही? मशीनला चांदणी सोपी पडते. म्हणजे माणसाच्या हाताला काय सोपं पडतं हे कुणी विचारलंच नाही. मी तिथंच अर्धं भाषण केलं. दुकानदारानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, घेताय का मग?"

वाद्यांच्या दुकानात सांगितलं, नवीन घ्या. काय वाटेल ते मोडू दे, उत्तर एकच, नवीन घ्या. मी म्हटलं, स्क्रू पाहिजे. ते म्हणाले, कंपनी कोणती ते सांगा, कंपनीगणिक स्क्रूचे आटे वेगळे असतात. हे मला नवीन होतं. आटे म्हणजे स्क्रूवरची ती फिरत जाणारी चढण. एकाची चढण दाट, दुसऱ्याची विरळ, आणि एकाचा स्क्रू दुसऱ्यात बसत नाही, बसू नये अशीच व्यवस्था. घरी येऊन क्लॅरनेटवरचा शिक्का भिंगातून बघितला. इतक्या वर्षांच्या हातांनी आणि फडक्यांनी तो झिजून गेलेला. दोन अक्षरं उरलेली, त्यातलंही एक नक्की कोणतं ते सांगता येत नव्हतं.

"छावणीतल्या लष्करी बँडचं हाय हे," काका अभिमानानं म्हणाले. "इंग्लिश माल. माझ्या उस्तादांनी घेतलं, त्यांनी मला दिलं. एक खिळा बदललेला नाय याचा."

मंगळवारी वाळूजला, शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वसाहतीत गेले. माझ्या ओळखीचा एक कामगार तिथल्या कारखान्यात आहे, आम्ही कंत्राटी कामगारांचं पत्रक काढलं तेव्हापासून ओळख. त्यांच्याकडं गाड्यांना लागणारे स्क्रूच बनतात. शेडमध्ये क्रेटच्या क्रेट भरलेले, चकचकीत, तेलात भिजलेले. मला वाटलं, जिंकले. त्यानं मला सुपरवायझरसमोर उभं केलं.

"लॉट किती हजाराचा?" सुपरवायझरनं विचारलं.

"एक."

"एक हजार?"

"एक नग."

तो हसला नाही, हे सांगायला हवं. त्यानं मला नीट समजावलं. मशीन एकदा लावायला जेवढा वेळ जातो, त्यानंतर एक काढा की लाख काढा, सारखंच. एक काढायचा असेल तर मशीनला लाज वाटते, म्हणाला. परतीच्या बसमध्ये मी चडफडत होते. ज्या शहरातून स्क्रू ट्रक भरून बाहेर जातात तिथं एका माणसाला एक स्क्रू मिळत नाही. मथळासुद्धा तयार झाला डोक्यात. पण मथळ्यानं चावी झुलत नाही.

मग मी मला येतं ते केलं. पत्रक काढलं.

पाव कागदाचं पत्रक, वर मोठ्या अक्षरात "हरवला आहे!", खाली स्क्रूचं चित्र, खाली मजकूर: जुन्या क्लॅरनेटचा स्क्रू, एका कलावंताच्या रोजीरोटीचा प्रश्न, असा किंवा यासारखा कुणाकडं असल्यास कळवावे. शहागंज, गुलमंडी, सिटी चौक, जिथं जिथं दुरुस्तीची दुकानं आहेत तिथं वाटलं. लोकांनी आधी मथळा वाचून विचारलं, "कोण, नगरसेवक का?" मग चित्र बघून म्हणाले, "अच्छा, त्याचा स्क्रू."

दोन दिवसांत स्क्रू यायला लागले. माणसं घरी येऊन देत होती, काहीजण तर शहराच्या पार टोकाहून, हर्सूलहून आले. पंख्याचे स्क्रू. शिलाई मशीनचे. कुकरच्या दांड्याचा. एका आजोबांनी स्वतःच्या सायकलच्या सीटखालचा बोल्ट आणला, अंगठ्याएवढा. काकांनी तो क्लॅरनेटशेजारी उभा केला. क्लॅरनेट बारीक वाटायला लागलं.

"बाई," काका म्हणाले, "तुझ्या पत्रकातला स्क्रू केवढा हाय?"

मी पत्रक बघितलं. स्क्रू चांगला बोटभर लांब, अंगठ्याएवढा जाड. लांबून दिसावं म्हणून जेवढं मोठं छापता येईल तेवढं छापायचं हे आमच्यात पहिल्यांदा शिकवतात. माप कुठंच लिहिलेलं नाही. पाचशे पत्रकं वाटली आणि एकात खरी लांबी नाही.

त्या ढिगातून मी एक बारीक स्क्रू निवडला, चष्म्याचा असावा. काका अंघोळीला गेलेले. बसतोय असं वाटलं. दोन आटे गेला, मग अडला. मी जोर लावला. करकरला. मी काढून घेतला आणि कुणाला सांगितलं नाही.

शुक्रवारी शहागंजातून निरोप आला. घड्याळं दुरुस्त करणारे एक चाचा, त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक फळी आणि एक दिवा. मी गेले तेव्हा त्यांच्या डोळ्याला भिंग होतं आणि समोर माझं पत्रक.

"बेटी, ये पेंच है या बिजली का खंबा?"

मी मुकाट्यानं करंगळी दाखवली.

"हौ. ऐसा बोलो. लेकिन पेंच को कायकू ढूंढती? पेंच तो गया. सुराख है ना तुम्हारे पास? सुराख लाओ."

सुराख म्हणजे भोक. चार दिवस मी जे नाही ते शोधत होते, आणि जे आहे ते घरी कपाटात ठेवलेलं. रिक्षानं घरी गेले, काकांना आणि क्लॅरनेटला घेऊन आले.

चाचांनी आगपेटीतली काडी घेतली, तिचं टोक ब्लेडनं निमुळतं केलं आणि खांबाच्या भोकात अलगद फिरवत घातलं. तसंच फिरवत बाहेर काढलं. काडीवर आटे उमटले होते. मऊ लाकडावर, बारीक, दाट, एकामागं एक. मी तोपर्यंत कधी एवढं जवळून काही बघितलं नव्हतं. स्क्रू हरवला होता, पण त्याची आठवण भोकात होती आणि ती काडीवर निघाली.

"पहले के दो चक्कर में ताजा जख्म है," चाचा भिंगातून म्हणाले. "जबरदस्ती किसने की?"

मी काकांकडं बघितलं. काकांनी माझ्याकडं.

"मी केली," मी म्हटलं. "काल. चष्म्याचा होता."

"बघा," काका चाचांना म्हणाले, "आमची लोकशाही."

चाचा हसले नाहीत. आतले आटे शाबूत आहेत का ते बघायला त्यांनी दुसरी काडी घातली, जरा खोल. मग तिसरी. भोकच खराब झालं असेल तर स्क्रू मिळूनही उपयोग नव्हता, आणि ते माझ्या हातानं झालेलं असणार होतं. शेवटी म्हणाले, "अंदर ठीक है. पकड़ लेगा."

मग त्यांनी काडी आपल्या लोखंडी पट्टीवरच्या भोकांशी लावून बघितली. घड्याळांच्या स्क्रूंचे जेवढे आटे असतात तेवढी भोकं त्या पट्टीत. एकही जुळेना. काडी दिव्याकडं धरून ते पुटपुटत राहिले, "ये घड़ी का नहीं. ये बाजे का भी नहीं. इसको मैं पैचानता हूं." आणि एकदम त्यांचा हात थांबला. फळीवर एक टोचा पडला होता, घड्याळातली घाण काढायचा, त्यांनीच घरी केलेला. त्याची लाकडी मूठ त्यांनी उपटली. आत दडलेल्या टोकाला आटे होते. काडी त्या टोकाशेजारी धरली.

दात दातात बसले.

"ये क्या है?" मी विचारलं.

"सायकल का तार. मैं सारे औजार उसीके बनाता."

चाकाची तार. जिचं एक टोक चाकाच्या मधल्या भागात अडकतं आणि दुसऱ्या टोकाला रिमपाशी आटे असतात ती. कंपनीचा शिक्का वाचायला मी दोन दिवस भिंग लावून बसले होते. मोबाइलवर परदेशी दुकानांची पानं चाळली होती. वाळूजला सुपरवायझरचं व्याख्यान ऐकलं होतं. आणि जो स्क्रू मोरीत गेला तो कुणाच्या तरी सायकलच्या चाकातून आलेला. त्याआधीही तो कधीतरी हरवला होता किंवा तुटला होता, आणि कुणीतरी भोकाला नवे आटे पाडून तारेचा स्क्रू बसवला होता.

"जिसने किया," चाचा म्हणाले, "बड़ा कारीगर था. या बड़ा मजबूर."

मला वाटलं काका रागावतील. इंग्लिश माल, एक खिळा बदललेला नाय, हे ते बँडमध्ये सगळ्यांना सांगतात, मालकालासुद्धा. ते फळीवर हात टेकून उभे राहिले. मग म्हणाले:

"उस्तादांच्या सायकलीला मागच्या चाकात एक तार कमी होती. चाक हालायचं. मी मागं बसायचो शिकायला जाताना. इचारलं एकदा, तार का नाय घालत? म्हणले, तिला दुसरं काम हाय."

"आणि तुम्हाला कळलं नाही?"

"मला काय म्हाईत कोणतं काम? मला वाटलं, चुलीला चिमटा केला आसंल."

मला त्या उस्तादांबद्दल आणखी पन्नास गोष्टी विचारायच्या होत्या. नवे आटे पाडायला हत्यार कुठून आणलं? कुणी शिकवलं? शिष्यापासून का लपवलं, की लपवलं नव्हतंच, कुणी विचारलंच नाही? काकांना यातलं काही सांगता आलं नाही. जे सांगू शकले असते ते उस्ताद आता हयात नव्हते. एवढी मोठी गोष्ट एका स्क्रूत होती आणि मी तिला पाण्यात सोडली, हे मला अजून लागतं.

चाचांनी तारेचं आटे असलेलं टोक चावीच्या मापाचं कापलं. दुसरं टोक शिकंज्यात धरून हलक्या हातानं ठोकत राहिले. कितीतरी वेळ. हळूहळू त्याला डोकं आलं, कुंकवाच्या टिकलीएवढं. मग केसाएवढ्या आरीनं त्या डोक्यावर चीर पाडली. सरळ, एका रेघेची. बाजारात जी येत नाही ती. मी विचारलं, मी बसवू का? दोघंही एकदम म्हणाले, "नको."

काकांनी बसवला. पहिले दोन आटे तो नुसता फिरला, कशाला धरेना. तिसऱ्या आट्याला अडला, आणि धरला. अंगठ्यानं चावी दाबली, सोडली. उठली, बसली. जिन्याखाली उभं राहूनच त्यांनी एक सूर काढला आणि चावी दाबली. सूर वर गेला. रस्त्यावरचे दोघंतिघं वळून बघायला लागले. चाचा म्हणाले, "थोड़ा हवा लेता है." काका म्हणाले, "गादी जुनी हाय. स्क्रूचं काय नाय त्यात."

रविवारी तालमीला मी गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. बँडचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीवर लाल कोट टांगलेले, पितळी भोंगे उलटे ठेवलेले. कीबोर्डवाला आधीच येऊन बसला होता, चाळिशीतला, इस्त्रीच्या शर्टात, नम्र माणूस. मला त्याचा राग करायचा होता, पण त्यानं काकांना वाकून नमस्कार केला आणि माझी पंचाईत झाली.

मालकानं विचारलं, "मास्टर, स्क्रू मिळाला म्हणं? पत्रक बघितलं आम्ही. कुठून मागवला?"

मी तोंड उघडणार होते. काका त्याआधीच म्हणाले, "सायकलीची तार हाय. आधीचा बी तारेचाच होता. उस्तादांनी घातलेला."

खोलीत सगळे हसले. ताशेवाला म्हणाला, "आणि आमाला इंग्लिश माल सांगून दबवत होते इतकी वर्षं!" काकाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी क्लॅरनेट तोंडाला लावलं म्हणून हसणं थांबलं.

खालून सुरू केलं. सावकाश. मी त्यांच्या डाव्या अंगठ्याकडंच बघत होते, सुराकडं माझं लक्षही नव्हतं. अंगठा दबला. एका क्षणाला नुसती हवा गेल्यासारखं झालं. मग सूर आला, वरचा, थोडा चिरका, मग गोल होत गेला. त्यांनी तो सोडलाच नाही. भोंगेवाला आपोआप मागं लागला, ताशा लागला. कीबोर्डवाल्यानं कीबोर्डवर एक बोट दाबलं आणि लगेच उचललं. दोघांची पट्टी वेगळी, त्याचा सूर आणि काकांचा सूर एकमेकांना खात होते.

गाणं थांबल्यावर सगळे मालकाकडं बघायला लागले. मालक कीबोर्डकडं बघत होता.

"तुमच्या मशीनला पट्टी बदलायचं बटण असतं ना?"

"असतं."

"मास्टरच्या क्लॅरनेटला नसतं. तोंड तेच वाजवतील, तुम्ही बदला."

कीबोर्डवाला बटण दाबत, कान लावत काकांच्या पट्टीवर यायला लागला. एकदा पुढं गेला, एकदा मागं राहिला. काका एकच सूर धरून त्याची वाट बघत उभे होते.